कॉलेजच्या कपाटात जुने उंदीर निघाले, एका चिठ्ठीवर ‘को-टाईप?’ लिहिलंय. नोंद कशी करायची?

वऱ्हाडी_खार

नमस्कार मंडळी. मी नागपुरातल्या एका जुन्या कॉलेजात प्राणिशास्त्राचा लॅब असिस्टंट. सुट्टीत लाकडी कपाट रिकामं करून राहिलो, तर खालच्या खणात कापूस भरलेले उंदीर निघाले. पोटावर झोपवलेले, मागच्या पायाला दोऱ्यानं चिठ्ठी. कवट्या वेगळ्या, काचेच्या नळ्यांत. एका लहानशा उंदराच्या चिठ्ठीवर इंग्रजीत ‘असीरगढ, निमाड, सी. पी.’ (इंग्रजांच्या काळचा मध्य प्रांत) आणि कोपऱ्यात दुसऱ्याच कोणाच्या हातचं, पेन्सिलीत, ‘को-टाईप?’

पावसाळ्यानंतर कॉलेज तपासायला नॅकची टीम येणार. सर म्हणतात, जुन्या चिठ्ठ्या काढ, लॅमिनेशन केलेली नवी लेबलं लाव, उंदरांना ब्रश मार आणि काचेच्या पेटीत मांड. माझा हात धजत नाही. खरंच टाईप, म्हणजे ज्याच्यावरून जातीचं पहिलं वर्णन झालं तो नमुना, असेल तर काय करायचं, कोणाला कळवायचं?

इतवारी_गोदाम

अजब बंगल्यात जाऊन विचार ना भाऊ, १८६३ पासूनचं म्युझियम आहे. बाकी उंदीर पायजे असतील तर आमच्याकडे ये, ताजे देतो.

नोंदवही_काकू

चिठ्ठीचा दोरा कापू नकोस. सरांची नवी लेबलं डब्यावर बाहेरून लाव, त्यांचंही समाधान होईल.

मी एका संग्रहालयात सस्तन प्राण्यांची रजिस्टरं सांभाळून निवृत्त झाले, म्हणून जरा हक्कानं सांगते. त्या ‘को-टाईप’वर लगेच भाळू नकोस. टाईप कोणता हे चिठ्ठीवरून ठरत नाही, त्या जातीच्या पहिल्या वर्णनावरून ठरतं. असीरगढचा लहान उंदीर म्हटलं की मला मस फिलिप्सी आठवतो. रॉटन यांनी १९१२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये त्याचं वर्णन केलं, आणि टाईपचं ठिकाण असीरगढच. सोसायटीनं त्या सुमारास देशभर सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली होती. तिच्यातले टाईप लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेले. सी. पी.ची राजधानी तेव्हा आपलं नागपूर, पण निमाडचा हा उंदीर लंडनला आणि होशंगाबादेतल्या बोरीचं शेकरू (१९१३ मध्ये रायलीबाईंनी ‘सेंट्रालिस’ नाव दिलेलं) तेही लंडनला. मला याचा राग येतो, पण रजिस्टरात रागासाठी रकाना नसतो.

तेव्हा ते मूळ वर्णन काढ. जर्नलचे जुने खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर आहेत. टाईपचं लिंग, क्रमांक, पकडणाऱ्याचं नाव, सगळं तुझ्या चिठ्ठीशी ताडून बघ. लंडनचे क्रमांक वर्ष, महिना, दिवस आणि अनुक्रम असे टिंबं देऊन लिहिलेले असतात. ती नोंदणीची तारीख, उंदीर पकडल्याची नव्हे. भले भले इथे घसरतात.

जुळलं नाही तरी तुझा उंदीर टाकाऊ ठरत नाही. असीरगढचाच असेल तर तो टोपोटाईप, म्हणजे टाईपच्याच ठिकाणचा नमुना. जातीचं नाव त्याच्यावर टेकलेलं नाही, पण तो त्याच ठिकाणचा आहे आणि जुना आहे. ‘को-टाईप’ त्या काळी कोणी सिनटाईपला (एकच टाईप न ठरवता वर्णनासाठी घेतलेल्या अनेक नमुन्यांपैकी एक) म्हणत, कोणी पॅराटाईपला (मुख्य टाईपसोबत वर्णनात घेतलेला इतर नमुना). म्हणून रजिस्टरात ‘चिठ्ठीवर पेन्सिलीत को-टाईप?’ असंच उतरव, प्रश्नचिन्हासकट. तुझं मत शेजारच्या रकान्यात, तारीख घालून. गावाचंही तेच. ‘निमाड, सी. पी.’ जसंच्या तसं राहू दे. असीरगढ आज बुऱ्हाणपूर जिल्ह्यात येतं आणि तो जिल्हा २००३ मध्ये झालाय, हे पुढच्या रकान्यात.

आता सगळ्यात मोलाचं. चिठ्ठीवर, बहुधा मागच्या बाजूला, चार आकडे असतील: डोकं-धड, शेपूट, मागचा पाय, कान. ही मापं ताज्या उंदरावर घेतलेली असतात. कातडं भरणारा ते ताणतो, शेपटीत तार घालतो, मग वाळताना ते आणखी आकसतं. मूळ मापं परत घेता येत नाहीत. तू मोजलंस तर ‘वाळलेल्या कातड्यावर’ असं शेजारी लिही. मागचा पाय ब्रिटिश लोक नखं सोडून मोजत, अमेरिकन नखांसकट. एवढ्याशा उंदरात नखाचाही फरक पडतो.

हातमोजे घाल. जुन्या कातड्यांना आतून आर्सेनिकचा साबण लावत असत. ब्रश तर मुळीच नको, ती धूळ तुझ्याच नाकात जायची.

वऱ्हाडी_खार

काकू, तुमचे उपकार. आकडे आहेत! पण शाई पार उडाली आहे, दोन तर वाचताच येत नाहीत. आणि एका उंदराच्या कानाजवळ केस झडलेत, खाली भुकटी पडलीय.

सदर_सावजी

डांबरगोळ्या टाक भरपूर, काही होत नाही.

नोंदवही_काकू

डांबरगोळ्या नकोत. तो वास तुम्हालाच बाधतो, आणि आत शिरलेल्या अळ्यांना त्यानं फारसं काही होत नाही. ती भुकटी कातडं खाणाऱ्या भुंग्यांची असणार. आधी सगळे फोटो काढ: पाठ, पोट, बाजू, चिठ्ठीच्या दोन्ही बाजू, शेजारी मिलिमीटरची पट्टी. मग तो उंदीर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशाच्या डीप फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेव. बाहेर काढल्यावर लगेच पिशवी उघडू नकोस, दव धरेल. खोलीच्या तापमानाला आला की मगच.

शाईसाठी नोटा तपासायचा निळा दिवा आण. जुनी लोखंडी शाई त्याखाली गडद दिसते. पेन्सिलीसाठी बाजूनं तिरका उजेड पाड.

आणि पाठीचे केस भिंगातून बघ. चपटे, काट्यासारखे असतील तर मस उंदरांच्या पायरोमिस या काटेरी केसांच्या गटातला. त्यात मस प्लॅटिथ्रिक्सही येतो, सायक्स यांनी दख्खनमधून नेलेला, १८३२ चा. तेव्हा कवटी बघितल्याशिवाय जात लिहू नकोस.

कळवायचं भारतीय प्राणी सर्वेक्षणाला. त्यांची केंद्रं पुण्याला आणि जबलपूरला आहेत. तुला जबलपूर जवळ. फोटो आणि चिठ्ठीचा मजकूर पाठव, नमुना पोस्टानं नको.

वऱ्हाडी_खार

दिवा आणतो. अजून एक घोळ आहे. नळीवरच्या कागदात शेवटचा आकडा ३ आहे, उंदराच्या चिठ्ठीवर ८ वाटतो. हीच कवटी याची धरू का?

नोंदवही_काकू

धरू नकोस. कवटीच्या माथ्यावर बारीक अक्षरात शाईनं नंबर टाकलेला असतो, तो वाच. तोही लागला नाही तर कवटी आणि कातडं दोन वेगळे नमुने म्हणून चढव, आणि दोन्हीकडे एकमेकांचा नंबर ‘कदाचित’ म्हणून टाक.