ग्रीक-लॅटिन न शिकता क्लासिक्समध्ये एमए? मला नाही पटत

अनुस्वार:
अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाने २०२१ मध्ये क्लासिक्सच्या, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन भाषा-साहित्याच्या, पदवीसाठी ग्रीक किंवा लॅटिन यायलाच हवं ही अट काढली. पदवीपुरतं एकवेळ समजू शकते, पण एमएलाही भाषांतरांवर भागेल म्हणणारे भेटतात तेव्हा खरंच वाईट वाटतं. मी संस्कृतात एमए केलं, ग्रीक नंतर शिकले. होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्याचा ९वा सर्ग मुळातून वाचताना एका शब्दाशी अडले. त्यात रुसलेल्या अकिलीस या योद्ध्याची समजूत काढायला फिनिक्स, एजॅक्स आणि ओडिसियस असे तिघं जातात, आणि क्रियापद काय तर 'बाटेन', चक्क द्विवचन! 'ते दोघं निघाले.' मग तिसरा कुठे गेला? फिनिक्सला मागाहून घुसवलंय, की ते दोघं म्हणजे सोबतचे दोन भालदार, यावर अभ्यासक अजून भांडतायत. इंग्रजीत द्विवचनच नाही, मराठीतही नाही, त्यामुळे भाषांतर वाचणाऱ्याला इथे काही प्रश्न आहे हेच कळत नाही.

रानवाट:
पण अट ठेवली की येणार कोण? इंग्लंडमध्ये ग्रीक शिकवणाऱ्या शाळा बहुतेक भरमसाट फीवाल्या, आणि आपल्या इथल्या मुलीला प्लेटोचं वेड लागलं तर तिने २२व्या वर्षी आधी ग्रीक कुठून शिकून यायचं सांगा. अरबीत लिहिणारा तत्त्वज्ञ इब्न रश्द, त्याला ग्रीक येत नव्हतं. अरबी भाषांतरं वाचून त्याने १२व्या शतकात ॲरिस्टॉटलवर भाष्यं लिहिली आणि युरोप ती पुढे कित्येक शतकं वाचत होता.

अनुस्वार:
त्याचंच बघा ना. ॲरिस्टॉटलच्या 'काव्यशास्त्र' या पुस्तकावर लिहिताना तो ट्रॅजेडी म्हणजे स्तुतिकाव्य आणि कॉमेडी म्हणजे निंदाकाव्य धरून चालला, कारण हातातल्या भाषांतरात तेच शब्द होते. एवढ्या मोठ्या बुद्धीच्या माणसाला नाटकाबद्दलच्या पुस्तकात नाटकच सापडलं नाही.

गोदाकाठ:
मी ग्रीक न येता तिकडे मास्टर्सला गेलो, कोर्स वर्षाचाच. सकाळी लूओ, लूसो, एलूसा, लेलूका अशी ग्रीक क्रियापदाची रूपं घोकायची, रात्री प्रबंध, आणि दोन्ही अर्धवट राहिलं याची रुखरुख आजही आहे. अनुस्वारताई, तुम्हाला एलूसातला भूतकाळाचा 'ए' बघून संस्कृतातल्या अभवत्‌मधला 'अ' आठवला असेल, लेलूकातलं पहिलं अक्षर दोनदा आलेलं बघून ददर्श. मला प्रत्येक रूप नवीन. तुम्ही अर्धी वाट संस्कृतात चालून आला होतात, ते विसरू नका.

अनुस्वार:
हे खरंय, हा विचार मी केला नव्हता. मग अट प्रवेशाला नको, पदवी हातात देताना ठेवा. पण ठेवाच, आणि त्यासाठी कोर्स दोन वर्षांचा करा, वर्षभरात हे बसणारच नाही.

रानवाट:
दोन वर्षं चालतील हो, पण परदेशातल्या दुसऱ्या वर्षाची फी, राहणं, खाणं कोण देणार? स्कॉलरशिप नसेल तर ती मुलगी पुन्हा बाहेरच.