सेल्फ ड्रायव्हिंग गाडी स्वतःची घ्यावी का? तुम्ही कशावरून ठरवलंत?

सनीवेलची_चकली:
जुनी गाडी आता काढायचीच आहे आणि घरात दोन पार्ट्या पडल्यात. नवरा म्हणतो घ्यायचीच तर सेल्फ ड्रायव्हिंगवाली घेऊ, रोज १०१ हायवेवर ट्रॅफिकमध्ये रखडून वैतागलाय तो. मला पैशांपेक्षा भरवशाचा प्रश्न वाटतो. शिवाय उन्हाळ्यात सासू-सासरे येतात, त्यांना मंदिरात जायचं तरी आमची वाट बघत बसावं लागतं, तर त्यांचीही सोय होईल असं डोक्यात आहे. ज्यांनी घेतली किंवा विचार करून सोडून दिली त्यांनी नेमकं काय बघितलं? यूट्यूबच्या लिंका नकोत प्लीज, सगळ्या बघून झाल्यात.

निवांत_गडी:
टेस्ला आहे आमच्याकडे. ऑफिसला जाता-येता एफएसडी (फुल सेल्फ ड्रायव्हिंग, टेस्लाची गाडी आपोआप चालवणारी सिस्टिम) लावतो, घरी पोचल्यावर डोकं उठलेलं नसतं हे खरंय. पण झोप काढता येईल असं नवऱ्याच्या मनात असेल तर आत्ताच सांगून टाका 😄 कंपनीनेच २०२४ मध्ये नावापुढे 'सुपरवाइज्ड', म्हणजे माणसाच्या देखरेखीखाली, असं जोडलंय, आतला कॅमेरा तोंडाकडेच बघत असतो, फोनकडे जरा नजर गेली की लगेच टुंग टुंग. आणि किंमत? २०२२ मध्ये १५ हजार डॉलर, २०२४ मध्ये ८ हजार, नाहीतर महिन्याला ९९. ज्यांनी १५ मोजले ते अजून चरफडतायत, त्यात जुन्या हार्डवेअरवाल्यांना कॉम्प्युटर बदलून द्यावा लागेल हे मस्कनेच जानेवारी २०२५ मध्ये कबूल केलं. मी आपलं महिन्याचं घेतो, भारतात गेलो की बंद.

क्लेमवाली_काकू:
मी इन्शुरन्समध्ये आहे त्यामुळे माझा पहिला प्रश्न एकच, ठोकली तर कोणाच्या गळ्यात? वरची सिस्टिम लेव्हल २ आहे, म्हणजे गाडी कितीही आपोआप वळली तरी ड्रायव्हर तुम्हीच. फ्लोरिडात २०१९ मध्ये टेस्लाच्याच ऑटोपायलट या साध्या सिस्टिमवर झालेल्या अपघाताचा निकाल मायामीच्या ज्युरीने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला, त्यात टेस्लावर ३३ टक्केच जबाबदारी आली, बाकी ड्रायव्हरवर. लेव्हल ३ मध्ये, म्हणजे ठरावीक परिस्थितीत गाडी स्वतः चालते आणि रस्त्यावर सतत नजर ठेवावी लागत नाही तिथे, हे बदलतं, तसल्या मर्सिडीजच्या ड्राइव्ह पायलटला २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात परवानगी मिळाली, पण ताशी ४० मैलांपर्यंतच, तेही ठरावीक हायवेवर आणि दिवसाउजेडी. आणि त्याचे तेव्हा वर्षाला अडीच हजार डॉलर होते! एवढ्या अटी पाळायच्या तर मग मीच चालवते की.

सासू-सासऱ्यांचं मात्र विसरा. लेव्हल २ मध्ये लायसन्सवाला, जागा माणूस स्टीअरिंगमागे लागतोच, तुम्ही घरी आणि ते देवळात असं नाही होणार.

भटकी_आजी:
त्यांच्यासाठी गाडी कशाला विकत घेताय, वेमो, म्हणजे ती ड्रायव्हर नसलेली टॅक्सी, बोलवा ना. आता सॅन होजेपर्यंत आलीय. माझ्या बहिणीला बसवलं तर पहिली पाच मिनिटं रिकाम्या सीटकडे बघत "अगं, हा बाबा गेला कुठे?" चालू होतं, मग पट्टा घट्ट धरून स्तोत्र म्हणत बसली, आणि परत येताना चक्क डुलकी. स्विस री या विमा कंपनीने वेमोच्या २.५३ कोटी मैलांचे क्लेम तपासले होते, माणसं चालवतात त्या गाड्यांपेक्षा इजेचे क्लेम ९२ टक्के कमी निघाले. पण ही गाडी विकत मिळतच नाही, भाड्यानेच.

कोथरूडकर_७७:
आम्ही पुण्यात, आमच्या गाडीत आडास (ड्रायव्हरला मदत करणारी, आपोआप ब्रेक वगैरे दाबणारी सिस्टिम) आहे. एक्स्प्रेसवेला मस्त, पण कर्वे रोडला एखादी ॲक्टिव्हा कट मारून पुढे घुसली की गाडी असा करकचून ब्रेक दाबते की मागचा आपल्या पिताश्रींचा उद्धार करतो. मी शहरात बंदच ठेवतो. बाकी गडकरींनी ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील म्हणून ड्रायव्हरलेस गाड्या येऊच देणार नाही असं सांगितलंय. टेस्लाने मात्र २०२५ मध्ये मुंबईत बीकेसीत शोरूम उघडताना एफएसडीचे ६ लाख लावलेच 😂

सनीवेलची_चकली:
थँक्यू सगळ्यांना. नवऱ्याला वाचायला दिलं तर त्याने "घरी पोचल्यावर डोकं उठलेलं नसतं" एवढंच वाचून दाखवलं 🙄 काकू, लीजवर घेऊन महिन्याचं एफएसडी लावलं तर इन्शुरन्सला आधी कळवावं लागतं का?