स्पॅनिशमधील नकारार्थी आज्ञा : ‘नो आब्ला’ का चालत नाही?

प्रश्न (कोथरूड)

नमस्कार. गेले सहा महिने मी डेक्कनवरील एका वर्गात स्पॅनिश शिकत असून सध्या आज्ञार्थापाशी अडले आहे. ‘तू बोल’ म्हणजे ‘आब्ला’ आणि ‘तू खा’ म्हणजे ‘कोमे’, इथपर्यंत सारे सुरळीत होते. म्हणून ‘बोलू नकोस’ यासाठी वहीत मी ‘नो आब्ला’ असे लिहिले, तर बाईंनी त्यावर काट मारून ‘नो आब्लेस’ लिहून दिले. शेवटच्या ‘आ’चा ‘ए’ का होतो आणि तो ‘स’ कोठून येतो, हे कोणी समजावून सांगेल का?

प्रतिसाद १

‘नो आब्ला’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. फक्त त्याचा अर्थ ‘तो बोलत नाही’ किंवा ‘ती बोलत नाही’ असा होतो. नियमित क्रियापदांचे ‘तू’साठीचे होकारार्थी आज्ञार्थी रूप आणि वर्तमानकाळातील ‘तो’चे रूप एकच असते, त्यामुळे आपली फसगत झाली. नकार आला की स्पॅनिश हे रूप बाजूला ठेवते आणि ‘सुब्खुन्तीवो’ या, आपल्या विध्यर्थाच्या जवळपास जाणाऱ्या, अर्थाचे वर्तमानकाळी रूप वापरते. ते साधण्यासाठी ‘मी’चे रूप घ्यावे (आब्लो, कोमो, एस्क्रीबो), शेवटचा ‘ओ’ काढावा आणि ‘आर’ने संपणाऱ्या क्रियापदांना ‘ए’, तर ‘एर’ व ‘ईर’ने संपणाऱ्यांना ‘आ’ लावावा. पुढचा ‘स’ हा ‘तू’चा प्रत्यय आहे. म्हणून ‘नो आब्लेस’, ‘नो कोमास’, ‘नो एस्क्रीबास’. आदरार्थी ‘उस्तेद’साठी तो ‘स’ गळतो (‘नो आब्ले’, ‘नो कोमा’) आणि अनेकवचनी ‘उस्तेदेस’साठी त्याजागी ‘न’ येतो (‘नो आब्लेन’). ‘नो आब्लास’ म्हटलेत, तर ‘तू बोलत नाहीस’ एवढेच समोरच्याला कळेल. सारा फरक एका स्वराचा आहे, तेव्हा तो स्वर स्पष्ट उच्चारावा.

प्रतिसाद २

वरील उत्तर बरोबरच आहे, पण मराठी माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही, असे मला वाटते. आपण तरी ‘बोल’च्या आधी ‘न’ लावून कुठे थांबवतो? ‘बोल’चे ‘बोलू’ होते आणि मागून ‘नकोस’ किंवा ‘नका’ येते. भेद असा की, मराठीत ‘बोलू’ स्थिर राहते आणि एकवचन-अनेकवचनाचा भार ‘नको’ वाहतो. स्पॅनिशमध्ये ‘नो’ हलत नाही आणि तो भार क्रियापदावर पडतो. पाट्यांची गोष्ट आणखी वेगळी. आपण ‘येथे थुंकू नये’ असे कोणालाही उद्देशून न लिहिता लिहितो (पुण्यात हे मुद्दाम सांगायला नको), तसे तिकडे ‘नो फुमार’, म्हणजे ‘धूम्रपान करू नये’, अशी मूळ धातुरूपातली पाटी लागते. एका व्यक्तीला समोरासमोर सांगताना मात्र ‘नो फुमेस’ किंवा ‘नो फुमे’ असेच म्हणावे.

प्रतिसाद ३

दोन ठिकाणी हमखास चूक होते, म्हणून भर घालतो. ‘ते खा’ हे ‘कोमेलो’ असे जोडून लिहितात, पण नकारात ‘लो’ सुटून क्रियापदाच्या आधी जाते : ‘नो लो कोमास’. दुसरी चूक लेखनातली आहे. ‘बुस्कार’ (शोधणे) याचा ‘आ’ बदलून ‘ए’ केला आणि आधीचे ‘सी’ अक्षर तसेच ठेवले, तर ‘क’चा उच्चार टिकत नाही, म्हणून तेथे ‘सी’ऐवजी ‘क्यू’ आणि ‘यू’ ही अक्षरे लिहून ‘नो बुस्केस’ करतात. येथे क्रियापद अनियमित झालेले नाही, ध्वनी राखण्यासाठी फक्त अक्षरे बदलली आहेत.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. कालच्या गृहपाठात ‘ते शोधू नकोस’ यासाठी मी ‘नो बुस्कालो’ लिहिले होते, म्हणजे ‘आ’चा ‘ए’ न करणे आणि ‘लो’ मागे जोडणे, अशा दोन चुका एकाच वाक्यात साधल्या होत्या. आता ते ‘नो लो बुस्केस’ असे दुरुस्त केले आहे.