मदत हवी आहे: फ्रेझर्स हिलला नऊ जणांनी कसं जावं?

नमस्कार मंडळी,

आमचा मुलुंडचा पक्षीवेडा ग्रुप (येऊर, नॅशनल पार्क नेहमीचं) फेब्रुवारीअखेर मलेशियातल्या फ्रेझर्स हिलला जायचं म्हणतोय. विमान-व्हिसाचं आम्ही बघतोय, अडलंय ते पुढे.

क्वालालंपूरहून अंतर साधारण 100 किमी. कुआला कुबू भारूपर्यंत लोकल ट्रेन आहे, पण तिथून वर जायला सरकारी बस नाही. मग क्वालालंपूरहूनच ड्रायव्हरसकट व्हॅन करावी, की दोन गाड्या घेऊन आपणच चालवाव्यात? 'द गॅप'नंतरचा शेवटचा आठेक किमीचा रस्ता अरुंद आहे. पूर्वी तिथे ठरलेल्या वेळेला फक्त वर आणि मग फक्त खाली गाड्या सोडत. आता काय पद्धत आहे? पेट्रोल खालीच भरून घ्यावं म्हणतात, ते खरं ना?

आमच्यातल्या काकांना इतिहासाचं वेड. ब्रिटिश हायकमिशनर सर हेन्री गर्नी 6 ऑक्टोबर 1951 ला फ्रेझर्स हिललाच निघाले होते, वाटेत कम्युनिस्ट गनिमांनी त्यांना गोळ्या घातल्या. ती जागा रस्त्यावरून ओळखता येते का? (ज्याचं नाव या डोंगराला आहे, तो कथिलवाला लुई जेम्स फ्रेझर, इथे ब्रिटिशांचे बंगले उभे राहण्याआधीच बेपत्ता झाला होता. काका हा किस्सा रोज ऐकवतात.)

राहायचं जुन्या दगडी बंगल्यातच, यावर एकमत आहे. खोल्यांना ओल येते का, गरम पाणी असतं का, हे कुणी राहून आलेल्यानेच सांगावं. हॉटेलवाल्यांचे फोटो बघून काही कळत नाही.

दोघीजणी सत्तरीपुढच्या आहेत. पाइन ट्री ट्रेल त्यांना झेपणार नाही, हे उघड आहे. हेमंट ट्रेल जमेल का? जळवा कितपत? आंबोलीला मिठाची पुरचुंडी पुरते, पण हे बारमाही ओलं जंगल आहे, लीच सॉक्स लागतीलच ना?

मला स्वतःला फायर-टफ्टेड बार्बेट बघायचाच आहे. आपल्या तांबटाच्याच गोतावळ्यातला, पण फक्त मलाय द्वीपकल्पात आणि सुमात्रात सापडतो. चोचीच्या मुळाशी राठ केसांचा झुपका, टोकाला लालभडक. सकाळी कुठे उभं राहावं?

आणि हो, एकजण जैन आहे. वर काही मिळतं की थेपले-खाकरे इथूनच न्यावेत?