पहिलेच घर घेताना एजंट नेमकी कोणती मदत करतो?

धायरीकर:
आम्ही दोघेही नोकरी करतो, सध्या धायरीत भाड्याने राहतो आणि सिंहगड रस्ता परिसरात ६० लाखांपर्यंतचा पुनर्विक्रीचा टू बीएचके शोधत आहोत. आमच्या दोन्ही घरांत आजवर कोणी फ्लॅट घेतलेला नसल्यामुळे विचारायला जाणते माणूस नाही. एजंट दोन टक्के दलाली सांगतात. फ्लॅट तर संकेतस्थळांवरही दिसतात. मग या पैशांत चांगला एजंट काय करून देतो आणि तो चांगला आहे हे आधी कसे ओळखावे?

सहकारनगर:
फ्लॅट दाखवणे हा त्याच्या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. आम्हाला घर पसंत पडले होते, विक्रेते सज्जन होते आणि मी टोकनचा, म्हणजे व्यवहार पक्का करण्यासाठी आगाऊ द्यायच्या रकमेचा, ५१,००० रुपयांचा धनादेश लिहायला घेतला होता, तेवढ्यात आमच्या एजंटने मला थांबवून विक्रेत्यांकडे सोसायटीचे भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट) मागितले. त्याच्या मागच्या बाजूला हस्तांतराच्या नोंदी असतात. वडील वारल्यावर फ्लॅट मुलाच्या नावावर चढला होता, पण तो केवळ नॉमिनी म्हणून. वडिलांनी मृत्युपत्र केलेले नव्हते आणि नागपूरला राहणाऱ्या बहिणीचाही त्यात वाटा होता. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. बहिणीचे हक्कसोडपत्र, म्हणजे ती आपला वाटा सोडत असल्याचा दस्त, रीतसर नोंदवले जाईपर्यंत एक रुपयाही देऊ नका, असे एजंटने आम्हाला विक्रेत्यांसमोरच सांगितले. व्यवहार दोन महिने लांबला आणि मोडला असता तर त्याची दलालीही बुडाली असती. बँकेच्या वकिलाने ही गोष्ट पकडली असतीच, पण तोवर आमचे टोकन अडकलेले असते. म्हणून भेटलेल्या एजंटला एवढेच विचारा, की टोकनआधी तुम्ही कोणती कागदपत्रे पाहता. मालकीची साखळी (आधीच्या सर्व मालकांचे दस्त), इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला), सोसायटीची थकबाकी ही नावे त्याच्या तोंडून आपणहून आली पाहिजेत.

हिशेबनीस:
पैशांचे गणितही त्याने पहिल्याच भेटीत मांडायला हवे. ६० लाखांच्या घरावर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ४८ लाख कर्ज मिळू शकते आणि मुद्रांक शुल्क त्या किमतीत धरले जात नाही. पुण्यात ते सात टक्के, म्हणजे ४.२ लाख होते. नोंदणी शुल्क ३०,००० आणि दोन टक्के दलाली १.२ लाख. स्वतःचे १२ लाख धरून गाठीशी पावणेअठरा लाख हवेत. बहुतेक नवखी जोडपी इथेच अडखळतात. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का, म्हणजे ६०,००० रुपये वाचतात. संयुक्त नावावर ही सवलत मिळत नाही. त्यामुळे हा निर्णय कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वीच व्हावा. शिवाय किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असल्यास विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून एक टक्का टीडीएस (आधीच कापायचा आयकर) कापून भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते, हेही एजंटने वेळेत सांगितले पाहिजे.

नाशिकचा एजंट:
बारा वर्षे हेच काम करत असल्यामुळे दोन गोष्टी मनापासून सांगतो. नव्या प्रकल्पात दलाली बहुधा बिल्डर देतो, तेव्हा तिथला एजंट कोणाच्या बाजूने बोलतो आहे हे लक्षात घ्या आणि महारेरा या राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाकडची त्याची नोंदणी तपासा. २०२३ पासून त्याला परीक्षा देऊन प्रमाणपत्रही घ्यावे लागते. तुमचा व्यवहार पुनर्विक्रीचा आहे, तिथे एजंटची पारख तुम्हालाच करावी लागेल. जाहिरातीत ९०० चौरस फूट लिहिलेले असले तरी जुन्या करारनाम्यातील चटई क्षेत्र (घरातील प्रत्यक्ष वापराची जागा, कार्पेट एरिया) वाचून दाखवणारा आणि स्वतः टेप धरून खोल्या मोजणारा माणूस निवडा. दलाली कधी द्यायची तेही आधीच लिहून घ्या. माझ्या मते ती करारनामा नोंदवल्यानंतरच द्यावी. टोकनच्या पावतीवर 'मालकी हक्कातील दोषामुळे किंवा बँकेने कर्ज नाकारल्यास संपूर्ण रक्कम परत' हे वाक्य विक्रेत्याच्या सहीसह असू द्या. ते घालायला जो एजंट टाळाटाळ करेल, त्याच्याबरोबर पुढचा फ्लॅट पाहायला जाऊ नका.