गाडीचा आवाज आणि टायर (वेळणेश्वर)

नमस्कार मंडळी,

गणपतीची सुट्टी घेऊन गावी, वेळणेश्वरला आलोय. मस्कतला परतायला अठरा दिवस आहेत आणि गाडीच्या चिंतेत चार आधीच गेले, म्हणून सगळ्यांना लिहितोय.

माझी दीडशे सीसीची मोटरसायकल २०१४ सालची, फेअरिंगवाली म्हणजे बाजूंना प्लास्टिकची पॅनेलं असलेली, एक सिलिंडर, इंजिन कूलंटच्या द्रवाने थंड होणारी. चौदा महिने पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. धाकट्या भावाकडे लायसन्स आहे, पण त्याला मी ती चालवू देत नाही. गाडी वेगाची आहे आणि इथल्या वळणांवर समोरून कधी एसटी येईल सांगता येत नाही. दर रविवारी पाच मिनिटं चालू करून ठेव एवढंच सांगून गेलो होतो, ते त्याने न चुकता केलं. चावी बाबांच्या कपाटात.

आता सकाळी पहिला स्टार्टर मारला की दहा-पंधरा सेकंद वरच्या बाजूने खडखड होते आणि मग थांबते. त्यानंतर टिक टिक टिक असा आवाज राहतो, रेस दिली की तोही भरभर येतो. शिवाय चार हजार आरपीएमच्या आसपास कुठूनतरी टरटर येते, त्याच्या खालीही नाही, वरही नाही. आमच्या घराकडून रस्त्याला लागताना दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे आहेत. त्यांच्यावरून आवाज परत येतो तेव्हा पोटात गोळा येतो.

तालुक्याच्या एका गॅरेजात नेली. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, हाफ इंजिन उघडू, पिस्टन, रिंगा, टायमिंग चेन सगळं नवीन टाकू, आठ दिवस ठेवून जा.

दुसरं, काल जयगडला जायला तवसाळच्या जेट्टीवर गेलो. फेरीबोटीच्या ओल्या लोखंडी फळीवर मागचं चाक सटकन बाजूला गेलं. मागच्या माणसाने सीट धरली म्हणून पडलो नाही. टायरची नक्षी तर भरपूर शिल्लक आहे. मागे दीडशे मिलिमीटरचा रुंद टायर टाकावा का? काका, तुम्ही हल्ली रत्नागिरीतच असता ना? सांगा काहीतरी.

---

अरे,

इंजिन उघडायला देऊ नकोस. निदान आठवडाभर तरी नको. तू तीन आवाज लिहिलेस. ते एकाच रोगाचे आहेत असं धरून चाललास तर पिस्टनपर्यंत जाशील. तीस वर्षं मस्कतला पंपांवर काम केलं, तिथेही हेच पाहिलं. आवाज वेगळा तर कारण बहुतेक वेगळं असतं.

पहिलं काम ऑइलचं. पाच मिनिटं चालू करून बंद करणं ही गाडीची निगा नव्हे, नुकसान आहे. इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ उडून जात नाही, तिचं पाणी होऊन ऑइलमध्ये मिसळतं. चौदा महिन्यांत साठ रविवार झाले. ऑइलचं झाकण उघडून आतून बघ. झाकणालाच दुधाळ साय धरली असेल तर ती हीच वाफ. पण सगळं ऑइलच दुधाच्या चहासारखं झालं असेल आणि कूलंटची बाटली रिकामी होत असेल, तर हेडचं पॅकिंग किंवा वॉटर पंपाचं सील गेलंय. मग मात्र गाडी चालवू नकोस. पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, तिथून कूलंट ठिबकतंय का तेही बोट लावून बघ.

ऑइल बाइकचंच घे, डब्यावर जेएएसओ एमए लिहिलेलं. मोटारीचं ऑइल चालेल असं कोणी सांगितलं तरी घालू नकोस. आपल्या गाड्यांचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, तो घसरायला लागेल. फिल्टरही बदल. पेट्रोलही काढून टाक. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. कोकणातला एक अख्खा पावसाळा त्या टाकीवरून गेलाय.

मग आवाज. सकाळची खडखड बहुधा टायमिंग चेनची, म्हणजे इंजिनाच्या आत व्हॉल्व्ह वेळेवर उघडणाऱ्या साखळीची आहे. तिला ताणून धरणाऱ्या टेन्शनरची स्प्रिंग थकली किंवा वर ऑइल पोचायला वेळ लागला की चेन तेवढे क्षण फडफडते. नवीन ऑइलवर ती दोन-तीन सेकंदांवर आली तर सोडून दे. नाहीच आली तर टेन्शनर बदलायचा, तेवढाच. पण तो काढलेला असताना इंजिन अजिबात फिरवायचं नाही. चेन एक दात जरी सरकली तरी टायमिंग चुकतं.

टिकटिक म्हणजे एक तर टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारा भाग), नाही तर बेंड पाईपच्या (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीच्या) तोंडाशी गॅस गळतोय. दोन्ही आवाज इतके सारखे की जुने मिस्त्रीही फसतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरला टेकव आणि मूठ कानामागच्या हाडाला लाव. आत हातोडी मारल्यासारखं स्पष्ट आलं तर टॅपेट. मग गाडी पूर्ण थंड असताना, साबणाचं पाणी बेंड पाईपच्या जोडावर मार आणि भावाला स्टार्टर मारायला सांग. बुडबुडे आले तर पॅकिंग गेलं. त्या जोडाभोवती काजळी धरली असेल तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

टॅपेट निघाला तरी घाबरू नकोस. इंजिन रात्रभर गार झालेलं हवं, पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणायचा, फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापकाने) मॅन्युअलमधलं फटीचं माप लावायचं. आवाज येऊ नये म्हणून कोणी घट्ट करून देत असेल तर देऊ नकोस. थोडा सैल टॅपेट फक्त वाजतो. घट्ट टॅपेटने व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो.

आणखी एक बघून ठेव. न्यूट्रलमध्ये क्लच दाबल्यावर आवाज थांबत असेल तर तो क्लचच्या बाजूचा. खोल, जड ठोका असेल आणि चढावर वाढत असेल, तर तो कनेक्टिंग रॉडचा, म्हणजे पिस्टनच्या दांड्याचा. त्यात एक किलोमीटरही जायचं नाही. तुझ्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही.

टरटर इंजिनातली नाही. एकाच आरपीएमला येते म्हणजे काहीतरी सैल आहे. गाडी उभी करून त्या रेसला धर आणि भावाला फेअरिंगवर एकेका जागी तळवा दाबायला सांग.

टायरचं ताई सांगेल.

---

टायरवर मी लिहिते. मी मालवणची, दर पावसाळ्यात आले की गाडी काढते, त्यामुळे ओली फेरीबोट, शेवाळलेला रस्ता आणि जांभ्याचा लाल चिखल या तिन्हींवरून घसरून झालंय.

नक्षी शिल्लक आहे हे विसर. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, ते वाच. १५१४ असेल तर २०१४ चा पंधरावा आठवडा. मग नखाने रबर दाबून बघ. नख रुततच नसेल तर तो टायर संपला, वरून कितीही नवा दिसो. खोबणींच्या तळाशी केसासारख्या भेगा असतात त्याही बघ. रबर चालवल्याने झिजतं, पण उभं राहूनही कडक होतं. एकाच जागी उभ्या चाकाला खालून चपटेपण येतं ते वेगळंच.

दीडशेचा टाकू नकोस. तुझ्या गाडीला पुढे ९०/८०-१७ आणि मागे १३०/७०-१७ असेल, स्टिकरवर बघून खात्री कर. रिम तेवढ्याच मापाची असते. तिच्यावर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि माथा निमुळता होतो. रस्त्याला टेकणारा भाग वाढत नाही, वळताना गाडी जड लागते, कधी चेनलाही घासतो. दिसायला भारी म्हणून माझ्या चुलतभावाने टाकला होता. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या वळणांवर गाडी वाकायलाच तयार नव्हती, महिन्यात काढला.

मापानंतरचा आकडा आणि अक्षरही वाच. ६२ म्हणजे चाकावर २६५ किलो वजन चालेल. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत, एस म्हणजे १८०. आहे त्याच्या खालचं घेऊ नकोस. पुढचा साधा आणि मागचा रेडियल असं कंपनीनेच दिलं असेल तर तसंच ठेव, स्वतःच्या मनाने मिसळू नकोस. मी मिशेलिनचा पायलट स्ट्रीट वापरते, तो या दोन्ही मापांत येतो. पावसात मला त्याचा भरवसा वाटतो. एमआरएफवर खूश असणारेही पुष्कळ आहेत. तुझ्या वापराला ट्रॅकचा मऊ टायर नको. पाणी बाहेर फेकणाऱ्या खोबणी हव्यात.

दोन्ही एकदम बदल, दोन्ही एकाच वयाचे आहेत. दुकानात बसवण्याआधी नव्याचीही तारीख वाच. फिरण्याच्या दिशेचा बाण नीट बघ. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वाकवायची घाई नको, नव्या रबरावर गुळगुळीत थर असतो. हवा सकाळी, चाकं थंड असताना मोज.

आणि फेरीबोटीच्या लोखंडावर जगातला कुठलाच टायर धरत नाही. गाडी सरळ ठेव, पुढचा ब्रेक लावू नकोस, रेस कमीजास्त करू नकोस. शक्य असेल तर उतरून ढकलत ने.

---

काका, ताई,

ऑइल काढलं. झाकणाला साय होती, पण ऑइल काळंच होतं, चहाचा रंग नव्हता. कूलंट जागच्या जागी. नवीन ऑइल आणि फिल्टर टाकल्यावर सकाळची खडखड तीन सेकंदांवर आली.

साबणाचं पाणी मारलं आणि भावाने स्टार्टर दाबला. बेंड पाईपच्या उजव्या नटाशी आधी एक मोठा फुगा आला, मग फस्‌फस्‌ करून फेस. टॅपेट नव्हताच! पॅकिंग चिपळूणला मिळालं. जुना नट गंजून बसला होता, त्याला दोन दिवस तेल पाजून हळूहळू सोडवला. आता टिकटिक नाही.

टरटरीचं सांगतो. फेअरिंगच्या डाव्या बाजूला खाली तळवा ठेवला की बंद व्हायची. पॅनेल काढलं तर आत दोन सुपाऱ्या, सालासकट. आमच्या वाडीतल्या. उंदराने नेऊन ठेवलेल्या. जवळच एका वायरचं वरचं आवरणही कुरतडलेलं होतं, तिथे टेप गुंडाळली.

टायरवर १५१४ नाही, ०९१४ आहे. नख रुतत नाही. दोन्ही टायर आहे त्याच मापाचे, परवा बसतील. आता जाताना गाडी कशी ठेवून जाऊ?

---

टाकी काठोकाठ भर म्हणजे आत ओली हवा राहत नाही. पॅनेलच्या फटी जाळीने बंद कर. विमा आणि पीयूसी चालू ठेव. रविवारची पाच मिनिटं बंद. त्याऐवजी आठवड्यातून एकदा गुहागरला जाऊन यायचं, मग ऑइल नीट तापेल आणि टायरही फिरते राहतील.

ते भाऊच करू शकतो. तू आहेस तोवर रोज त्याला चालवायला दे, तू मागे बस. हेदवीपर्यंत, मग जेट्टीपर्यंत. फेरीवर गाडी कशी चढवायची ते ताईने लिहिलंय तसं त्याच्याकडून करून घे. आणि चावी त्याच्याकडे देऊन जा.