रानचिमणी हिरवळीवर नको, ढोलीत शोधा

रत्नागिरीत थिबा पॉइंटजवळच्या बागेत सलग दोन रविवार सहाजण फिरलात आणि पीतकंठी रानचिमणी काही दिसली नाही, म्हणताय. हिरवळीवर दिसल्या त्या सगळ्या घरचिमण्याच असणार. ही बया झाडावर रमते. तांबट किंवा सुतार पक्ष्यानं सोडलेली ढोली दिसली की समोर बसकण मारा. फुललेला पांगाराही सोडू नका. मध पिताना परागकण कपाळाला चिकटतात आणि नवखा माणूस वहीत भलताच पक्षी लिहून मोकळा होतो. (मीही लिहिलाय.)

गळ्याचा पिवळा ठिपका तिनं मान वर केली तरच धड दिसतो. त्यापेक्षा नराच्या खांद्यावरचा तांबूस डाग बघा. मादीचा फिकट असतो.

तशी देशात ती दुर्मीळ नाहीच. 1908 साली लहानग्या सलीम अलींनी (पुढे मोठे पक्षितज्ज्ञ झाले ते) छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेली, आणि ओळख पटवायला मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्डसाहेबांकडे नेलेली चिमणी हीच.

आणि ते मोबाईलवर आवाज वाजवून बोलावणं तेवढं थांबवा. एप्रिल-मे विणीचे दिवस, नर उगाच भांडायला येतो आणि ढोली उघडी पडते.